मशीन तिकडं, आम्ही हिंगोलीत

जी वस्तू गावात नाही तिच्यासाठी गावात बसून तयारी करण्यात हिंगोली जिल्ह्याचा हात कोणी धरू नये. १ मे १९९९ पर्यंत आमचा जिल्हाच गावात नव्हता, तो परभणीला होता. कागद इथं तयार व्हायचे, टाचले जायचे, त्यांच्यावर शिक्के बसायचे आणि एस.टी.त बसून ते परभणीला जायचे. तिथं कुणीतरी पहिल्याच पानावर बोट ठेवून ‘तिकीट चिकटवलेलं नाही’ म्हणायचं, की कागद संध्याकाळच्या गाडीनं परत. रेल्वेचंही तेच. स्टेशनचं नाव ‘हिंगोली डेक्कन’, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की अख्खं दख्खन इथं गाडी बदलतं. रूळ मात्र मीटरगेजचे. ब्रॉडगेज येणार, येणार म्हणत लोकांनी थेट मुंबईच्या गाडीचं वेळापत्रक तोंडी तयार ठेवलं होतं. रूळ रुंद झाले ते २००८ च्या सुमारास.

आता लायगोची पाळी आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी पकडण्याचं यंत्र उभं राहणार आहे. केंद्रानं फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, आणि त्यांच्यात प्रोटॉनच्या रुंदीच्या दहाहजाराव्या भागाइतका फरक पडला तरी तो टिपायचा. यंत्र चालू व्हायला अवकाश आहे. पण अब्जावधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांना धडकली, तर आसपासच्या प्लॉटचा भाव किती चढेल याचा हिशेब औंढ्याच्या हॉटेलात बसून पक्का झालेला आहे.

अशा जिल्ह्यात राहून मी मेनफ्रेमच्या, म्हणजे बँकांच्या भल्यामोठ्या संगणकांच्या, असेंब्ली भाषेत प्रोग्रॅम लिहितो, यात खरं तर कोणाला नवल वाटू नये. मेनफ्रेम अमेरिकेत, एका बँकेच्या ताब्यात. मी तिचं तोंड पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. मी रिसाला बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर लॅपटॉप घेऊन बसतो, तिच्यासाठी आज्ञा लिहितो, इथंच जमतील तेवढ्या तपासतो आणि मग तिकडं धाडतो. पुण्याच्या नोकरीतून २०२० च्या टाळेबंदीत चार दिवसांसाठी म्हणून आलो होतो. चार दिवस अजून संपलेले नाहीत.

शेजारी एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांना माझ्या पगारापेक्षा माझ्या कामाची काळजी जास्त.

“मशीन कुठंय म्हणालास?”

“अमेरिकेत.”

“मंग हे काय?”

“हा लॅपटॉप. तपासणीपुरता हा स्वतःला मेनफ्रेम समजतो.”

“असं व्हय,” गुरुजी म्हणाले. “आमच्या संस्थेत असे दोघं होते. एक पुढं मुख्याध्यापक झाला.”

गुरुजींना विनोद करायचा नव्हता. लॅपटॉपनं स्वतःला मेनफ्रेम समजणं हे खरोखर असंच आहे. रॉजर बोलर नावाच्या माणसानं १९९९ साली, म्हणजे हिंगोली जिल्हा झाला त्याच वर्षी, हर्क्युलिस नावाचं सॉफ्टवेअर सुरू केलं. ते साध्या पीसीवर चालतं आणि आत चालणाऱ्या प्रोग्रॅमांना ‘तुम्ही आयबीएमच्या मेनफ्रेमवर आहात’ असं बिनदिक्कत सांगतं. प्रोग्रॅमही विश्वास ठेवतात. आजची झेड/ओएस ही प्रणाली त्याच्यावर चढवायला परवाना मिळत नाही, म्हणून हौशी लोक १९८१ सालची एमव्हीएस ३.८जे चढवतात, ती फुकट आणि खुली आहे. तिची सगळी दुनिया १६ मेगाबाइटची. माझ्या फोनमध्ये नातेवाइकांचे सुप्रभात एका सकाळी ह्याहून जास्त जागा खातात.

ही प्रणाली सुरू होताना बघावी. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, २४ ओळी, ८० रकाने. ती मला ऑपरेटर समजते आणि फर्मावते की अमुक टेप तमुक ड्राइव्हवर चढवा. माडीवर टेप कुठली? एक आज्ञा टाइप करून मी एका फाइलीकडे बोट दाखवतो. ती म्हणते, चढली. पंचकार्डांचा गठ्ठा वाचायला ३५०५ नंबरचा कार्ड-रीडर असतो, तो इथं जाळ्यातलं एक पोर्ट आहे आणि पोर्टचा नंबरही ३५०५ च ठेवलाय. छपाईला १४०३ प्रिंटर, त्याची इथं टेक्स्ट फाइल झालेली. एवढं सगळं खोटं खोटं चालू असताना हिंगोलीतली लाईट जाते, पंखा थांबतो, वायफायचा दिवा मालवतो, आणि ज्या जातीची यंत्रं वर्षानुवर्षं बंद पडत नाहीत म्हणून बँका कोट्यवधी मोजतात, त्या जातीचं माझं यंत्र बॅटरीवर टिकून राहतं. आमच्या गल्लीत लाईट गेल्यावर चालू असणारी मेनफ्रेम ही एकच. पण ती कोणाच्या कामाची नाही, म्हणून तिचा सत्कार झालेला नाही.

कोणी विचारेल, हा उपद्व्याप कशाला? खरं यंत्र आहे तर त्याच्यावरच लिहावं. पण मेनफ्रेमचा वेळ फुकट नसतो. जेवढं यंत्र वापराल तेवढं सॉफ्टवेअरचं बिल चढतं, आणि दिवसा तिथं बँकेचं खरं काम चाललेलं असतं. तुमचा स्वल्पविराम चुकलाय हे कळायला तिला उठवायचं म्हणजे मच्छर मारायला तोफखाना बोलावण्यातला प्रकार. म्हणून व्याकरणाच्या चुका इकडं काढायच्या. त्यासाठी जावात लिहिलेला झेड-३९० हा फुकट असेंब्लर, म्हणजे ही भाषा यंत्राच्या आज्ञांत उतरवणारा प्रोग्रॅम, आहे. डिग्नस आणि टॅकियॉन ह्या कंपन्यांचे विकतचे आहेत. आणि आताशा मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड एडिटरमध्ये ब्रॉडकॉमनं दिलेली एक जोड टाकली की लिहिता लिहिताच लाल रेघ उमटते. शेवटचा दाखला मात्र तिकडच्या हाय लेव्हल असेंब्लरचाच. १९९२ सालचा हा असेंब्लर तुमच्या लाल-हिरव्या रेघांना विचारत नाही.

शिवाय मशीन नसताना काम करण्यात कमीपणा मानायचं कारण नाही. ह्या धंद्याचा पायाच तसा घातला गेलाय. टाटा कन्सल्टन्सीनं १९७४ मध्ये परदेशी गिऱ्हाइकासाठी पहिलं मोठं सॉफ्टवेअर केलं ते बरोज कंपनीचं. एका इस्पितळाचं काम, बरोजच्या मध्यम यंत्रांच्या कोबोलमधून छोट्या यंत्रांच्या कोबोलमध्ये उतरवायचं. हे मुंबईत केलं कशावर, तर आयसीएल १९०३ वर, म्हणजे तिसऱ्याच कंपनीच्या संगणकावर! भाषा असेंब्ली नव्हती, पण जातकुळी तीच: मशीन एकाचं, प्रोग्रॅम दुसऱ्यासाठी, आणि मधे मुंबईकर. पुढच्याच वर्षी तिकडं पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांनी ऑल्टेअर ह्या चिमुकल्या संगणकासाठी बेसिक लिहिलं तेव्हा ऑल्टेअर त्यांच्यासमोर नव्हता. हार्वर्डच्या पीडीपी-१० ह्या भल्यामोठ्या यंत्राला ॲलननं ऑल्टेअरचं सोंग घ्यायला लावलं. मग ॲलन विमानानं ऑल्टेअरवाल्यांकडे गेला, प्रोग्रॅम चढवला आणि दोन अधिक दोन किती विचारलं. यंत्र चार म्हणालं. तेव्हा मोठ्या यंत्राला छोट्याचं सोंग घ्यावं लागायचं, आता छोटं मोठ्याचं घेतं. खुद्द आयबीएमनं १९८३ मध्ये पीसीत जादा कार्डं बसवून एक्सटी/३७० काढला होता. त्यात मोटोरोलाच्या चिपमध्ये आतून फेरफार करून तिला मेनफ्रेमच्या आज्ञा शिकवल्या होत्या. थोडक्यात, ही बहुरूप्याची परंपरा घराण्यातूनच चालत आलेली.

आता ह्या भाषेकडे येऊ. आयबीएमनं ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० जाहीर केली तेव्हा प्रोग्रॅम पंचकार्डावर जायचे आणि कार्डाला ८० रकाने असायचे. कार्डं गेली, रकाने राहिले. पहिल्या रकान्यात नाव, दहाव्यात आज्ञा, सोळाव्यात तिचा माल. एकाहत्तराव्याला थांबायचं. बहात्तराव्या रकान्यात काहीही उमटलं, अगदी टिंब जरी, तरी त्याचा अर्थ ‘पुढची ओळ ह्याच ओळीचा भाग आहे’. त्र्याहत्तर ते ऐंशी कार्डांच्या नंबरांसाठी राखीव, कारण कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा ओळीनं लावता यावा. गेल्या कित्येक वर्षांत कोणाच्या हातातून कार्डं पडलेली नाहीत, तरी ती आठ घरं राखून ठेवलेली आहेत.

हे सगळं लॅपटॉपवर करायचं म्हणजे खरी गंमत सुरू होते. लॅपटॉपला रकाने माहीतच नाहीत. त्याची टॅबची कळ दाबली की तो मनाला येईल तेवढा सरकतो, ओळ लांबली तर प्रेमानं खाली दुमडून दाखवतो. तिकडं मेनफ्रेम बहात्तराव्या रकान्यावर काठी घेऊन उभी. समजा तुम्ही आज्ञेपुढं खुलासा लिहिला आणि त्याचं शेवटचं अक्षर बहात्तरात सांडलं. झालं. खालची ओळ, बिचारी स्वतंत्र आज्ञा, ती वरच्या खुलाशाची शेपूट ठरते आणि असेंब्लर ओरडतो की हिचे पहिले पंधरा रकाने रिकामे नाहीत. चूक वरच्या ओळीत, ओरडा खालच्या ओळीवर. एकत्र कुटुंबात वाढलेल्याला हा न्याय नवा वाटत नाही.

त्यातून मी खुलासे मराठीत लिहितो. कोणी वाचत नाही, मग निदान स्वतःच्या भाषेत तरी न वाचले जावेत. पण लॅपटॉप देवनागरीचं एकेक चिन्ह तीन-तीन बाइटांत ठेवतो, काना-मात्रा-अनुस्वार सगळे वेगळे मोजून. ‘पुणे’ लिहायला १२ बाइट लागतात, ‘परभणी’ला १५, आणि ‘हिंगोली’ला २१. आमचा जिल्हा परभणीपेक्षा सहा बाइटांनी मोठा आहे हे १९९९ च्या आधी कळलं असतं तर आंदोलनाला मुद्दा मिळाला असता. ‘औंढा नागनाथ’ हे एकतीस बाइट, मधल्या मोकळ्या जागेसकट. म्हणजे एका ओळीत दोनदा नागनाथाचं नाव घेतलं की तिसऱ्यांदा घ्यायला जागा नाही. आता काही साधनं अक्षरं मोजतात, काही बाइट. त्यामुळे डोळ्यांना जी ओळ चाळिसाव्या रकान्यात संपलेली दिसते ती दुसऱ्या साधनाच्या हिशेबी कधीच कुंपणापलीकडे गेलेली असते. आणि तिकडच्या यंत्रावर पोचेपर्यंत माझ्या सगळ्या मराठीचं ‘हे काय आहे कळलं नाही’ अशा अर्थाच्या एकाच चिन्हात रूपांतर होतं. देवनागरीसाठी आयबीएमनं ११३७ क्रमांकाचं खास कोष्टक केलेलं आहे, पण अमेरिकेतल्या बँकेनं ते लावून ठेवावं असा आग्रह धरण्याइतका मी अजून ज्येष्ठ नाही.

कोष्टकांवरून आठवलं. लॅपटॉपची बाराखडी ॲस्की, मेनफ्रेमची एबसिडिक. ॲस्कीत आधी आकडे, मग मोठी अक्षरं, मग छोटी. एबसिडिकमध्ये आधी छोटी, मग मोठी, आकडे सर्वांत शेवटी. वर आणखी, ‘आय’नंतर लगेच ‘जे’ येत नाही, मधे सात घरं मोकळी. आर आणि एसच्या मधे आठ. पंचकार्डावर भोकं कुठल्या आडव्या ओळीत पडायची त्याचा हा वारसा. माडीवर यादी लावली तर आकड्यानं सुरू होणारी नावं पहिली येतात, तिकडं तीच तळाला जातात. म्हणून ‘माझ्याकडं बरोबर चाललं होतं’ ह्या वाक्याला आमच्या धंद्यात पुरावा म्हणून किंमत नाही.

आणि दिशा! मेनफ्रेम आकड्याचा मोठा भाग आधी ठेवते, इंटेल जातीचा लॅपटॉप उलट, लहान भाग आधी. चार बाइटांत ठेवलेला एक हा आकडा बाइटांची उलथापालथ न करता एकीकडून दुसरीकडे नेला, तर तो १,६७,७७,२१६ होतो. एका रुपयाचे जवळजवळ पावणेदोन कोटी. औंढ्याला नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागं पाठवलं तेव्हा देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं, अशी कथा आहे. आमच्याकडं देऊळ फिरत नाही. नामदेव नरसीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले, पण तो चमत्कार सॉफ्टवेअरमध्ये आणायला कोणाला जमलेलं नाही; इथं भक्तालाच उलटं बसावं लागतं. हर्क्युलिस आणि झेड-३९० हे सोंग आतल्या आत नीट वठवतात. घोटाळा होतो तो आतलं बाहेर आणि बाहेरचं आत नेताना.

नेताना आणखी एक खोडी. लिहिलेला मजकूर पाठवायचा तर बाराखडी बदलून पाठवायचा, पण तयार झालेला ऑब्जेक्ट कोड जसाच्या तसा, बाइटला बाइट. त्याच्या ऐंशी-ऐंशी बाइटांच्या पट्ट्यांत आज्ञा असतात, अक्षरं नव्हेत. पाठवणाऱ्या प्रोग्रॅमनं चांगुलपणानं त्यांचीही बाराखडी बदलली, की ‘जमा कर’चं काहीही होऊ शकतं. चांगुलपणा करण्याआधी विचारावं, हे यंत्रांनाही शिकवावं लागतं.

ह्या भाषेत सर्वांत प्रसिद्ध प्रोग्रॅम कोणता, तर जो काहीच करत नाही तो. त्याचं नाव आयईएफबीआर-१४. चौदाव्या रजिस्टरात, म्हणजे यंत्राच्या आतल्या एका कप्प्यात, परत जायचा पत्ता असतो, आणि ‘त्या पत्त्यावर परत जा’ एवढी एकच आज्ञा ह्या प्रोग्रॅममध्ये होती. दोन बाइट. लग्नात काही काका असे असतात की ते स्वतः काही करत नाहीत, पण त्यांना बोलावलंय म्हणून गाडी ठरते, खोली उघडली जाते, गाद्या येतात. ह्याचं तसंच. हा नुसता येतो आणि जातो, पण त्याच्या नावानं लिहिलेल्या बाकीच्या ओळींमुळे प्रणाली फाइली तयार करते, जुन्या पुसते. तर ह्या काहीच न करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चूक निघाली! जाताना पंधराव्या रजिस्टरात शून्य ठेवून जायचं, म्हणजे ‘सगळं ठीक’, असा रिवाज आहे. ह्यानं तिथं हातच लावला नव्हता. मागचं जे काही पडलेलं असेल तेच उत्तर समजलं जायचं आणि पुढच्या कामांना वाटायचं की काका रागावून गेले. मग दुरुस्ती झाली: पंधरातून पंधरा वजा करा, मग जा. प्रोग्रॅम चार बाइटांचा झाला. काहीच न करण्याचं काम दुप्पट वाढलं, आणि तरीही कोणी जादा माणूस मागितला नाही.

हे सगळं मी पुण्यातल्या नव्या पोरांना सांगतो तेव्हा ती फोनमध्ये बघतात. हिंगोलीत मात्र एका माणसाला माझं काम पहिल्या दिवशी कळलं. आमच्या ओळखीचे एक अडत्ये आहेत, मोंढ्यात हळदीची अडत. त्यांच्या गादीशेजारी बसलो होतो. समोर कट्टे रचलेले, हळदीची धूळ उन्हात तरंगणारी, मापारी काट्यावरून आकडे ओरडत होता आणि मुनीम कांडी वेगळी, गट्टू वेगळा, अशी पट्टी करत होते: रक्कम, वजा हमाली, वजा तोलाई, खाली हातात पडणारे पैसे. अडत्यांनी विचारलं, “तुमचं मशीन हिशेब कसा ठेवतं?”

मी सांगितलं की साधा संगणक आकडा दोनाच्या पाढ्यात ठेवतो, त्यात दहा पैसे म्हणजे एक दशांश रुपया नेमका बसतच नाही. कुठंतरी शेपूट राहते.

“शेपूट कोणाच्या खात्यावर?” अडत्ये तिथंच अडले.

म्हणून मेनफ्रेम पैसे दशमानातच ठेवते, मी म्हणालो. अर्ध्या बाइटात एक अंक. १२३४५ ला पाच अर्धे, आणि शेवटच्या अर्ध्यात खूण: सी असेल तर अधिक, डी असेल तर वजा. तीन बाइटांत काम. सी म्हणजे क्रेडिट आणि डी म्हणजे डेबिट, असं धरलं की विसरत नाही.

अडत्ये मुनिमांकडे वळले. “ऐका. आकडा आधी, जमा का नावे ते शेवटी. आपल्यावानीच हाय.” मग मला, “आन् आकड्याच्या जागी कोणी काहीच लिव्हलं न्हाई तर?”

“तर मशीन काम टाकून उभं राहतं. शून्य लिहिलं असेल तर चालतं, मोकळी जागा चालत नाही.”

हा आमच्याकडचा सर्वांत कुप्रसिद्ध बोजवारा. एस-झिरो-सी-सेव्हन त्याचं नाव. रकमेच्या जागी कोरी जागा आली आणि प्रोग्रॅम बेरीज करायला गेला की प्रणाली त्याला तिथंच आडवा करते. तिकडच्या रात्रीची बॅच म्हणजे आमची सकाळ. पोह्यांचा पहिला घास घेताना फोन वाजला तर समजावं, कुठल्यातरी फाइलीत कोणीतरी शून्याऐवजी काहीच लिहिलेलं नाही. हे नव्या पोरांना समजावताना माझा घसा बसतो. अडत्यांना एका वाक्यात पटलं.

“बरोबर करतंय,” ते म्हणाले. “कोरी जागा म्हंजे शून्य न्हवं. कोरी जागा म्हंजे मागून लिव्हायची सोय.”

त्यांनी मग पट्टी छापून दाखवायला सांगितलं. असेंब्ली भाषेत ह्यासाठी एक आज्ञा आहे, ईडी नावाची, १९६४ पासूनची. तिला एक साचा द्यायचा: इथं अंक, इथं स्वल्पविराम, इथं टिंब. स्वल्पविराम कुठं हे ती तुम्हाला विचारते, स्वतःची अक्कल लावत नाही. त्यामुळे लाख आणि कोटी आपल्या पद्धतीनं, दोन-दोन अंकांवर, पहिल्या फटक्यात छापून येतात. माझ्या लॅपटॉपवरची स्प्रेडशीट अजून अधूनमधून लाखाला हंड्रेड थाउजंड समजून रेघ मारते, आणि साठ वर्षांची ही म्हातारी आज्ञा मोंढ्यात जन्मल्यासारखी वागते. साच्याच्या सुरुवातीला फुलीचं चिन्ह दिलं तर पुढची सगळी मोकळी जागा ती फुल्यांनी भरून टाकते. चेकच्या रकमेत कोणी पुढं आकडा घुसवू नये म्हणून केलेली ही सोय.

माडीवर अर्ध्या तासात प्रोग्रॅम झाला. रकाने पाळले, बहात्तराव्याला हात लावला नाही, झेड-३९० नं कुरकुर न करता चालवला. मोंढ्यातल्या अडतीवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होताच, दोन्ही कडांना भोकं असलेल्या सलग कागदाचा. लॅपटॉप त्याला जोडला, तो किरकिरला आणि पट्टी बाहेर आली. सगळी अक्षरं मोठी, इंग्रजी, आणि तळाला रक्कम: *****१,०४,३७०.५० अशी, फक्त आकडे इंग्रजी.

ज्या शेतकऱ्याचा तो माल होता ते सेनगावकडचे गृहस्थ बाजूलाच टेकून बसले होते. अडत्यांनी पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली, आधी रक्कम पाहिली, मग तिच्या पुढच्या फुल्यांवरून अंगठा फिरवला.

“ह्या फुल्या कामून मारल्या? एवढे पैशे कापले काय?”

“कापले न्हाईत दादा,” अडत्ये म्हणाले. “पुढं कोरी जागा ऱ्हायली तर कोणी तिथं एखादा आकडा घालंल. तसं होऊ नये म्हनून.”

“मंग घालू द्या की एखादा,” ते म्हणाले. “माझी काय हरकत न्हाई.”